हातचा एक

त्या वर्षी कोल्चानीत रात्री नऊला वीज जायची.
मग मी आईच्या कामाच्या ज्योतीपाशीच
रसायनाचं पुस्तक उघडायचे.
ज्योत करंगळीएवढी, गॅसच्या नळीतून आलेली, निळी.
आई तिच्याजवळ पिशवीचं तोंड धरायची,
प्लास्टिक वितळून मिटायचं,
अर्धा किलो मीठ झालं.
अशा पाचशे पिशव्या, मग झोप.

"मोठ्यानं वाच," ती म्हणायची,
"माझे कान रिकामेच आहेत."

मी वाचलं:
सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन.
आत दोन, मग आठ, आणि अगदी बाहेर
हातचा एक.
क्लोरीनच्या बाहेरच्या घरात सात,
भरायला एक कमी.
म्हणून सोडियम आपला एक क्लोरीनला दान करतो.

आई हसली. पिशवी वाकडी मिटली.
"दान? ज्याच्याकडे एकच आहे त्याच्याकडून
ज्याच्याकडे सात आहेत तो घेतो.
लिही तसं वहीत."

मी लिहिलं नाही. परीक्षा होती.
पण खाली बारीक तळटीपेत तिचंच म्हणणं निघालं:
क्लोरीनची ओढ जबर.
ज्याचं गेलं त्याला म्हणायचं धन,
ज्याला मिळालं तो ऋण.
"हे मात्र कुणीतरी जाणत्यानं ठरवलंय," आई म्हणाली.

आता ते अणू नव्हेत, आयन.
आणि एकमेकांना असे धरून बसतात
की कुदळीनं फोडावं लागतं.
एका सोडियमभोवती सहा क्लोरीन,
त्या प्रत्येकाभोवती सहा सोडियम,
कोण कुणाचा, सांगता येत नाही.
जोडपं नाही, रेणूही नाही,
आमच्या दारापासून क्षितिजापर्यंत
नुसता पांढरा शेजार.

बाबा तेव्हा सीमेपलीकडे, कालामाला, तांब्याच्या खाणीत.
रविवारी फोन यायचा.
नाही तर नाही यायचा.
तांब्याचं निराळं असतं, मी आईला सांगितलं,
तिथले बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात,
धातूभर मोकळे हिंडतात.
"हं," आई म्हणाली. "हिंडतात."

जानेवारीत मिठावर पाणी आलं,
घोट्याएवढं, मैलोनमैल, त्यात आभाळ उपडं.
पाण्याचे मात्र रेणू, खरेखुरे:
दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन,
इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले,
पण वाटणी सारखी नाही,
ऑक्सिजनच्या बाजूला थोडं जास्तच.
म्हणून एक टोक किंचित ऋण, दुसरी दोन किंचित धन.
एवढ्याशा भांडवलावर पाणी मिठात शिरतं,
एकेक आयन सोडवतं,
भोवती घोळका करून त्याला घेऊन जातं.

आईनं हात थांबवला.
"सुटल्यावर त्याचा तो एक परत मिळतो?"

मी पानं उलटली. नव्हतं.
सकाळी मास्तर एवारिस्तोंना विचारलं.
नाही, म्हणाले. सुटका होते, परतफेड नाही.
पाण्यात सोडियम उणाच फिरतो.
"कधीच नाही?"
ते बराच वेळ बाहीवरचा खडू झटकत राहिले.
"आगीत," म्हणाले मग. "क्षणभर. काहींना.
तो एक परत येतो, आचेनं वर उडतो,
खाली उतरताना उजेड टाकतो.
पिवळा."

रात्री आईला सांगितलं.
तिनं तो उजेड हजारदा पाहिला होता.
कण उडून ज्योतीत पडायचा, ज्योत पिवळी व्हायची,
ती वैतागून फुंकर मारायची: कामात खोळंबा.

पिशवी बाजूला ठेवून
तिनं दोन बोटांत मीठ घेतलं,
ज्योतीवर हलकेच सोडलं.
तिची भेगाळलेली बोटं, माझी वही, छपराचा पत्रा,
सगळं पिवळं झालं,
आणि परत निळं.

तिनं पुन्हा चिमूट घेतली.

त्या रात्री पिशव्या
चारशे ऐंशीच भरल्या.